टिलबर्ग : लोकरीचं गाव, चालते माग

शुक्रवार

टिलबर्ग स्टेशनचं छत 1965 सालचं आहे. कून व्हान डेर खास्ट या वास्तुविशारदाने ते असं वळवलंय की प्रत्येक तुकड्याचे दोन कोपरे वर जातात आणि दोन खाली. इथले लोक त्याला कोळंबीच्या पापडाचं छत म्हणतात. इंडोनेशियातून आलेला तो पापड डच घरांत अजून आवडीने खाल्ला जातो. आम्ही उतरलो तेव्हा पाऊस आडवा येत होता, तरी आम्ही दोघी फलाटावर माना वर करून थोडा वेळ उभ्याच राहिलो.

मी इचलकरंजीची. माझे वडील खर्चीवाले होते. व्यापारी सूत देणार, आम्ही आमच्या मागांवर कापड विणून देणार आणि मजुरी घेणार, असा तो व्यवहार. घराच्या मागच्या शेडमधला खडखडाट ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. भाची आइंडहोव्हेनला नोकरीला लागली आणि 'मावशी, आता ये' म्हणाली, तेव्हा मी नकाशावर पहिल्यांदा टिलबर्ग शोधलं. आइंडहोव्हेनपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं. एके काळी नेदरलँड्सची लोकरीची राजधानी म्हणवून घेणारं हे गाव. 1881 मध्ये इथे लोकरीच्या 145 गिरण्या होत्या. आता त्यांचं काय केलंय ते बघायचं होतं. ट्युलिपचा हंगाम तसाही नव्हता, ऑक्टोबर होता.

(रेल्वेसाठी वेगळं तिकीट काढायची गरज पडली नाही. परदेशात चालणारं टॅप करायचं बँक कार्ड असेल तर फाटकावर तेच लावायचं. आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा लावायला विसरू नका.)

स्टेशनच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की समोरच लॉकहाल. 1932 सालची ही इंजिनशेड, रेल्वेच्या कारखान्यातली. वाफेची इंजिनं इथे दुरुस्तीला यायची. 2019 पासून इथे शहराचं वाचनालय आहे आणि त्याच वर्षी या इमारतीला जगातली सर्वोत्तम इमारत म्हणून वर्ल्ड आर्किटेक्चर फेस्टिव्हलचा पुरस्कार मिळाला. आत गेल्यावर पुरस्कार बाजूला राहतो. 15 मीटर उंचीचं दालन, पोलादी खांब, त्यांच्यावरचा रंग जिथे उडालाय तिथे उडालेलाच ठेवलाय. जमिनीत रूळ तसेच आहेत आणि त्या रुळांवर चाकं लावलेली मोठाली टेबलं सरकतात. हवं तिथे ओढून बसायचं. कॉलेजची मुलं लॅपटॉप उघडून बसली होती, एक आजोबा वर्तमानपत्र वाचत होते, एका कोपऱ्यात कुणाची तरी मीटिंग चालली होती.

मी मात्र पडद्यांपाशी थांबले. छतापासून खाली येणारे भलेमोठे कापडी पडदे आहेत. ते सरकवले की मोठ्या दालनाच्या लहान खोल्या होतात आणि आवाजही दबतो. पेट्रा ब्लेस यांच्या स्टुडिओने ते आखले आणि त्यांचं काम याच गावातल्या टेक्स्टाइल म्युझियमच्या कार्यशाळेत झालं. म्हणजे गिरण्या बंद पडलेल्या गावाने आपल्या वाचनालयाचं कापड गावातच करून घेतलं. मी पडद्याला हात लावून पाहिला. कापड पाहिलं की हात आधी पुढे जातो, ही आमच्या गावच्या सगळ्यांचीच सवय.

तिथून टेक्स्टाइल म्युझियम चालत वीसेक मिनिटांवर आहे. मुद्दाम कामाचा दिवस धरून गेलो, कारण कार्यशाळेतली यंत्रं चालू असताना पाहायची होती. तुम्हीही तसंच करा. सोमवारी म्युझियम बंद असतं. डच म्युझियम कार्ड असेल तर ते इथे चालतं.

समोर नवं काचेचं प्रवेशद्वार, आणि त्याच्या मागे मोमर्स कंपनीची जुनी लोकरीची गिरणी: तांबड्या विटा, ओळीने खिडक्या. म्युझियम 1958 मध्ये गावातल्या दुसऱ्या घरात सुरू झालं आणि 1980च्या दशकात या गिरणीत आलं. आत पाऊल टाकलं आणि वास आला. वंगण, गरम झालेला पट्टा आणि लोकर. यातलं पहिलं आणि दुसरं माझ्या ओळखीचं. लोकरीचा वास मात्र मला पट्टणकोडोलीच्या यात्रेत घोंगड्यांच्या दुकानांपाशी येतो तो आठवला.

एका दालनात ब्लँकेटची अख्खी गिरणीच उभी केलीय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली. मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर एका टोकाला आणि घडी घातलेलं ब्लँकेट दुसऱ्या टोकाला. मधली यंत्रं बंद करून दोरीच्या पलीकडे ठेवलेली नाहीत, ती चालवून दाखवतात. आधी लोकर मोकळी करणारं दातेरी यंत्र. मग पिंजायचं यंत्र: बारीक तारांचे काटे लावलेले रूळ एकमेकांजवळून फिरतात आणि शेवटी लोकरीची पातळ साय बाहेर येते. मग सूतकताईचा लांबलचक गाडा. तो चाकांवर पुढे येतो, येताना सूत ओढतो आणि पिळतो, मागे जाताना चात्यांवर गुंडाळतो. आमच्याकडे कापूस आणि तयार सूत, त्यामुळे हे यंत्र मी चालू स्थितीत कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या समोर आम्ही इतका वेळ थांबलो की चालवणारी बाई आमच्याजवळ आली.

पस्तिशीची असेल. निळा डगला, कानात आवाज अडवायचे बोळे. भाचीने डचमधून सुरुवात केली, तिने आम्हाला पाहून इंग्रजीत उत्तर दिलं. मी कुठून आले ते सांगितलं तेव्हा तिने लगेच विचारलं, ''तुमच्याकडे धोट्याचे माग अजून चालतात?'' (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो.) चालतात म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. ती मला शेजारच्या मागापाशी घेऊन गेली, माग सुरू केला आणि मला म्हणाली, ऐका, ठीक वाटतोय का? मी ऐकलं. धोटा उजवीकडच्या पेटीत जरा जोरात आदळत होता. मी हाताने खूण केली. ती हसली, म्हणाली, उद्या चामड्याची पट्टी बदलायचीच आहे.

मग तिने जे सांगितलं ते मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाचं वाटलं. ती शिकलेली डिझायनर. हे माग चालवायला तिला एका जुन्या गिरणी कामगाराने शिकवलं. तो आता नाही. तो असताना तिने त्याच्याबरोबर उभं राहून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, कसा लावायचा, तुटलेला धागा यंत्र थांबायच्या आत कसा ओळखायचा, पट्टा किती ताणायचा हे सगळं हाताने करून घेतलं आणि वहीत लिहून काढलं. ''यंत्र तेल देऊन ठेवता येतं,'' ती म्हणाली, ''पण आवाज ओळखणारा कान नवा तयार करायला वेळ लागतो.'' आता तिच्या हाताखाली एक मुलगा शिकतोय. तो तिथेच धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होता.

पुढच्या खोलीत कापड कुटायची यंत्रं. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते विरळ आणि चरबट असतं. ते ओलं करून, क्षार घालून कुटलं की धागे एकमेकांत अडकून दाट होतात. त्यासाठी अमोनिया लागतो आणि पूर्वी तो मिळायचा मानवी मूत्रातून. टिलबर्गचे लोक घरी मडक्यात मूत्र साठवायचे आणि गिरण्यांना विकायचे. शेजारची गावं त्यावरून यांना चिडवायची, क्रौकेनझाइकर म्हणायची, म्हणजे मडक्यात मुतणारे. टिलबर्गने ते नाव अंगाला लावून घेतलं. कार्निव्हलच्या दिवसांत हे गाव आजही स्वतःला मडक्यांचं गाव म्हणवतं. मला हे फार आवडलं. गरिबीत केलेल्या कामाची लाज बाळगण्यासारखं त्यात काही नाही, हे त्यांना कळलंय.

कुटलेल्या कापडावर लव उठवायला काटेरी बोंडं वापरायचे. एका झाडाची वाळलेली बोंडं, आकड्यासारखे काटे असलेली, चौकटीत घट्ट बसवायची आणि कापडावरून फिरवायची. एक बोंड हातात घ्यायला मिळालं. हलकं, आणि काटे वाकतात पण मोडत नाहीत.

गिरण्यांच्या आधीच्या काळाबद्दल इथे वाचलं तेव्हा मी भाचीला हाक मारून जवळ बोलावलं. टिलबर्गच्या आसपासची जमीन वाळूची आणि नापीक. शेतीवर पोट भरत नव्हतं, म्हणून सतराव्या शतकात इथल्या घराघरांत माग आले. तेव्हा कापडाचा मोठा व्यापार लायडन शहरात होता. तिथले व्यापारी लोकर द्यायचे, टिलबर्गचे लोक घरी कातून-विणून कापड द्यायचे आणि मजुरी घ्यायचे. म्हणजे सगळं गाव खर्चीवाल्यांचं. दर ठरवणारा तिकडे, विणणारा इकडे. वाफेचं इंजिन इथे 1827 मध्ये आलं, पण घरी विणणारे विणकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होते. भाचीला खर्ची म्हणजे काय ते घरात ऐकून माहीत होतं, पण तिच्या आजोबांचा धंदा युरोपात तीनशे वर्षं आधी याच पद्धतीने चालत होता हे वाचून ती बराच वेळ त्या फलकाजवळ राहिली.

दुपारनंतर टेक्स्टाइल लॅब. इथे संगणकावर चालणारे, नक्षी विणणारे रुंद जॅकार्ड माग, विणायची गोल आणि सपाट यंत्रं, गालिच्याचे गोंडे बसवणारी बंदूक, भरतकामाची यंत्रं. जगभरातले कलाकार आणि डिझायनर इथे काम करून घ्यायला येतात, आणि ते काम चाललेलं कुणीही जाऊन पाहू शकतं. आम्ही गेलो तेव्हा एक तरुण कलाकार आणि मागावरचा तंत्रज्ञ एका नमुन्यावर वाद घालत होते. तिला चकाकणारा धागा आणखी दाट हवा होता. तो म्हणत होता, तुटेल. शेवटी त्याने एक फूटभर विणून दाखवलं, धागा तुटला, आणि दोघांनी मिळून वेगळी वीण शोधली. आमच्या शेडमध्ये व्यापाऱ्याचा माणूस आणि माग लावून देणारा जॉबर यांच्यात हेच बोलणं व्हायचं. फरक इतकाच की इथे तंत्रज्ञाचा शब्द शेवटचा होता.

दुकानात म्युझियमच्याच मागांवर विणलेले दमास्क टेबलक्लॉथ आणि भांडी पुसायचे रुमाल मिळतात. महाग आहेत. मी दोन रुमाल घेतले आणि ते भांड्यांना वापरणार नाही हे तिथेच ठरवलं.

रात्री कागदी कोनातले गरम फ्रीत आणि मेयोनीज. दक्षिणेत याला फ्रीतच म्हणायचं, उत्तरेतला पाताट शब्द इथे वापरू नका, अशी भाचीची ताकीद. इथल्या ब्रॅबंट प्रांताचा खरा खाऊ म्हणजे वोर्स्टेनब्रोट्ये, पावाच्या आत मांसाचं सारण. मी शाकाहारी, त्यामुळे ते भाचीने खाल्लं आणि अतिशय मऊ आहे असं सांगितलं. शाकाहारी मंडळींनी वाटाण्याचं दाट सूप मागवतानाही विचारून घ्यावं, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. चीजचं ब्रोट्ये आणि सफरचंदाचा केक मात्र सगळीकडे मिळतो आणि पोट भरतं.

शनिवार

सकाळी ऊन पडलं. वारा मात्र बोचरा. दोन जाड स्वेटरपेक्षा एक वारा अडवणारं जाकीट इथे जास्त कामाचं.

टिलबर्ग हे तटबंदी असलेलं, मध्ये चौक असलेलं जुनं युरोपीय शहर नाही. अनेक लहान वस्त्या वाढत वाढत एकमेकींना भिडल्या. प्रत्येक वस्तीच्या मध्ये तिकोनी गावठाण, जिथे वाटा मिळायच्या आणि जनावरं एकत्र यायची. ते त्रिकोण आजही दिसतात. त्यांच्यातला एक ह्यूव्हल, गावाचा मुख्य चौक. तिथे शेकडो वर्षांचं एक लिंडनचं झाड होतं, ते 1994 मध्ये पाडावं लागलं. आता नवं लावलंय. समोर सेंट जोसेफच्या चर्चचे दोन उंच मनोरे. शहराचा दर्जा या वस्त्यांच्या पुंजक्याला 1809 मध्ये मिळाला, नेपोलियनचा भाऊ लुई हॉलंडचा राजा होता तेव्हा.

राजा विल्यम दुसरा याचं या गावावर प्रेम होतं. बेल्जियम फुटून निघालं त्या काळात, तो युवराज असताना, त्याचं लष्करी ठाणं इथे होतं. पुढे त्याने इथे एक छोटा राजवाडा बांधायला घेतला. बुरूज, टोकेरी खिडक्या, पांढरा रंग. तो पुरा व्हायच्या आधीच, मार्च 1849 मध्ये, विल्यम टिलबर्गमध्येच वारला. वाड्यात नंतर शाळा भरली, आणि 1866 ते 1868 या काळात त्या शाळेत एक विद्यार्थी होता व्हिन्सेंट व्हान गॉग. चित्रकलेचे शिक्षक होते कॉन्स्टंट हाउस्मान्स, त्या काळात चित्रकला शिकवण्याबद्दल पुस्तकं लिहिलेले गृहस्थ. तेरा वर्षांचा तो मुलगा रोज ज्या दारातून आत जात असेल त्या दारासमोर उभं राहायला मला आवडलं. पुढे न्यूनेनला राहत असताना त्याने मागावर बसलेल्या विणकरांची चित्रं पुन्हा पुन्हा काढली. न्यूनेन आइंडहोव्हेनच्या अगदी जवळ आहे. वेळ असेल तर तो दिवस वेगळा ठेवा.

वाड्याला लागूनच नगरपालिकेची 1971ची काळ्या दगडांची इमारत आहे. तिच्यासाठी जुनी नगरपालिका पाडली. त्या वर्षांत टिलबर्गने फार पाडापाड केली. गिरण्या बंद पडत होत्या: इटलीतल्या प्रातोचं स्वस्त लोकरीचं कापड आलं, कृत्रिम धागे आले, मजुरी वाढली. 1960च्या दशकात एकामागून एक गिरणीला टाळं लागलं, आणि 1980 उजाडेपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या. महापौर सेस बेख्ट यांना शहर आधुनिक करायचं होतं. रुंद रस्ते, नव्या इमारती, आणि त्यासाठी जुन्या वस्त्या आणि गिरण्या भुईसपाट. लोकांनी त्यांना 'पाडणारे सेस' असं नाव ठेवलं. आज रस्त्यावर चालताना अचानक मोठी मोकळी जागा लागली की तिथे काय असेल हा प्रश्न पडतो. टेक्स्टाइल म्युझियम, लॉकहाल आणि दुपारी पाहिलेलं डे पाँट हे कलेचं म्युझियम, हे सगळं उरलेल्यांतून वाचवलेलं आहे. जे वाचवलं त्याचं त्यांनी सोनं केलं, पण खूप काही गेलंही, आणि गावकरी ते मोकळेपणाने सांगतात. गिरण्यांना टाळं लागल्यावर मागाहून जाग येणं ही फक्त इथली कथा नाही. परळ-लालबागला गेलेल्या कुणालाही ती सांगावी लागणार नाही.

जेवायला एका सुरिनामी खानावळीत गेलो. मोठी मऊ रोटी, बटाट्याची पिवळी भाजी, लांब शेंगांची भाजी, उकडलेलं अंडं. चालवणाऱ्या बाई सुरिनामच्या हिंदुस्तानी. त्यांचे पणजोबा बिहारकडून करारावर मळ्यांत कामाला गेलेले. असे मजूर घेऊन लल्ला रूख हे पहिलं जहाज 1873 मध्ये सुरिनामला पोचलं, आणि तो देश 1975 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्यांच्या वंशजांतले अनेक नेदरलँड्सला आले. बाई सरनामीत, म्हणजे तिथल्या हिंदुस्तानींच्या बोलीत, बोलायला लागल्या आणि मी हिंदीत. सगळं कळत होतं. ''का खइबू?'' असं त्यांनी विचारलं तेव्हा मला भरून आलं. वर वाढताना त्यांनी दुसरी रोटी न विचारता ठेवली. शाकाहारींसाठी डच गावांत सुरिनामी खानावळ हा खात्रीचा आधार आहे. मांस नको एवढं सांगितलं की ताट तयार.

सुरिनामचं आणखी एक नातं पुढच्या त्रिकोणात भेटलं. विल्हेल्मिना पार्कमध्ये पेअर्के डॉन्डर्स या मिशनऱ्याचा पुतळा आहे. 1809 मध्ये टिलबर्गच्या विणकराच्या घरी जन्म, लहानपणी स्वतःही मागावर. पुढे सुरिनामला जाऊन कुष्ठरोग्यांची सेवा, तिथेच 1887 मध्ये मृत्यू. पुतळ्यात त्याच्या पायाशी एक गुडघे टेकलेला कृष्णवर्णीय रुग्ण दाखवलाय. हे असं ठेवावं का, यावर गावात बरीच चर्चा झालीय. मला तो रुग्ण ज्या तऱ्हेने खाली बसवलाय ते पाहवलं नाही. डॉन्डर्सच्या कष्टांबद्दल आदर वाटूनही नाही. जेवताना ज्या बाईंशी बोललो त्यांच्या मुलांनी हा पुतळा रोज शाळेत जाताना पाहिला असेल, हे मनात आलं.

डे पाँट तिथून जवळच. ही टोमास डे बेअरची लोकर कातायची गिरणी. यान डे पाँट या उद्योजक वकिलाने मागे ठेवलेल्या पैशांतून इथे 1992 मध्ये आजच्या कलेचं म्युझियम उभं राहिलं. बेंथम क्राउवेल या वास्तुविशारदांनी गिरणीला हात अगदी जपून लावलाय. पांढऱ्या रंगाचं एकच प्रचंड दालन, छताच्या काचांमधून येणारा उत्तरेचा एकसारखा उजेड. असा उजेड गिरण्यांना कापडातला दोष दिसावा म्हणून लागायचा, आता तो चित्रांना मिळतो. एका बाजूला लोकर साठवायच्या बुटक्या खोल्यांची ओळ आहे. प्रत्येक खोलीत एकेका कलाकाराचं एकेक काम. मोठ्या दालनातून त्या खोलीत वाकून शिरलं की आपोआप आवाज खाली येतो.

दाराबाहेर अनीश कपूरचा मोठा गोल आरसा आहे, 'स्काय मिरर'. म्युझियमला 25 वर्षं झाली त्या निमित्ताने 2017 मध्ये बसवलेला. ढग त्यात उलटे वाहत होते. जन्माने मुंबईकर असलेल्या माणसाचं काम ब्रॅबंटच्या गिरणीच्या अंगणात पाहून मला आपलेपणा वाटला. दोन शाळकरी मुली आरशासमोर फोटो काढत होत्या, त्यांनी आमचाही काढून दिला.

संध्याकाळी भाचीने स्क्रॉबेलेअर नावाचं इथलं काढ्यासारखं मद्य घेतलं. लोकर पिंजायच्या यंत्रावर काम करणाऱ्याला इथे जे म्हणत, त्यावरून ते नाव. दगडी बरणीत विकतात, गोड आणि मसाल्यांचं. मी नुसता वास घेतला: बडीशेप आणि लवंगेकडे झुकणारा.

रविवार

सायकली भाड्याने घेऊन कोनिंग्सहूव्हनच्या मठाकडे निघालो. सगळा सपाट रस्ता, सायकलींची वेगळी लाल वाट, तासाभराच्या आत आरामात पोचतो. फक्त वाऱ्याची दिशा आधी पाहा. जाताना वारा पाठीवर असेल तर येताना त्याचा हिशोब चुकवावा लागतो. (सायकलच्या वाटेवर चालू नका, उभंही राहू नका, घंटा वाजते आणि कुणी थांबत नाही.)

वाटेत पिउसहाव्हन, 1923चं गावातलं बंदर. विल्हेल्मिना कालव्यातून इथे गिरण्यांसाठी माल यायचा. आता काठाने घरं आणि खानावळी आहेत. पुढे आबे ब्लँकेटची गिरणी. आबेची ब्लँकेट डच घरांत पिढ्यान्पिढ्या होती. आता त्या शेडमध्ये दुकानांचा बाजार आहे. करवतीच्या दातांसारखं छत जपलंय, खाली सोफे आणि फ्रीज विकायला. मला हे डे पाँटपेक्षा कमी भावलं. पण इमारत पाडण्यापेक्षा हे बरं, आणि सामान घ्यायला आलेली कुटुंबं विटांच्या भिंतीकडे बोट दाखवून लहान मुलांना काहीतरी सांगताना दिसली. रविवारी दुकानं दुपारी उघडतात, त्यामुळे सकाळी गेलात तर बाहेरूनच पाहावं लागेल.

मठाची जमीन मुळात विल्यम दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून नाव राजाची शेतं. 1881 मध्ये फ्रान्समधून आलेल्या ट्रॅपिस्ट साधूंनी पहिला मुक्काम तिथल्या मेंढ्यांच्या वाड्यात केला. शेतीवर भागेना म्हणून 1884 मध्ये त्यांनी बिअर बनवायला सुरुवात केली. ला ट्राप नावाने ती आज जगभर जाते, आणि भट्टीच्या कंपनीचं नाव मेंढ्यांचा वाडा असंच ठेवलं गेलं. आवारात बसून लोक बिअर पीत होते, शेजारी सायकली टेकवलेल्या. मी चीज, ताजा पाव आणि मोहरीची चटणी खाल्ली. शेजारच्या टेबलावर एक वयस्क जोडपं होतं. आजोबांनी मी कुठून आले विचारलं, आणि मग सांगितलं की त्यांनी पंधराव्या वर्षी गिरणीत काम धरलं. कांड्या बदलायचं. गिरणी बंद झाल्यावर रेल्वेच्या कारखान्यात गेले. म्हणजे आता वाचनालय झालंय तिथे. कामाचं ठिकाण दोनदा गेलं, ते म्हणाले, पण लॉकहालमध्ये नातीला घेऊन जातो तेव्हा रुळ दाखवतो. म्युझियममध्ये जाता का, असं विचारल्यावर आजी म्हणाल्या, ते जातात आणि तिथल्या मुलांना चुका काढून दाखवतात. आजोबा मान हलवून म्हणाले, काढायलाच हव्यात.

त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीतून मी इचलकरंजीला दादाला फोन लावला. त्याच्याकडे आता एअरजेट आहेत, धोट्याऐवजी हवेच्या झोताने धागा नेणारे माग. जुने साधे माग त्याने गेल्या काही वर्षांत एकेक करून भंगारात किलोने दिले, पण शेडच्या कडेला दोन शिल्लक आहेत, आणि वहिफणीचे तात्या अजून कुणाकुणाकडे कामाला जातात. सत्तरी ओलांडली तरी ताण्याचे हजारो धागे वहीतून (धागे वरखाली करणाऱ्या तारांच्या चौकटीतून) आणि फणीतून ओवताना त्यांचा हात थांबत नाही. मी दादाला म्हटलं, ते दोन माग विकू नकोस, आणि मी येईपर्यंत तात्यांना सांगून ठेव, त्यांच्या कामाचं चित्रीकरण करायचंय, शेजारी एक शिकणारं पोर बसवून. दादाने विचारलं, करून काय करणार? मी त्याला त्या निळ्या डगल्यातल्या बाईबद्दल सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, तात्या हल्ली फक्त सकाळी भेटतात, उद्या गाठतो.

भाचीने गाडीतच फोनवर यादी केली: वही भरणं, फणीत धागा घेणं, ताण्याचा बीम (धागे गुंडाळलेला रूळ) चढवणं, तुटलेल्या धाग्याची गाठ, धोट्याची पेटी लावणं, आणि चालू मागाचा नुसता आवाज, निदान दहा मिनिटं.